भूमिती पेटी, 450 रुपये: पोरीसाठी घेतली, वर्कशॉपमध्ये पण कामाला आली

महिनाभर वापरून मग लिहायला बसलोय, कारण दोन दिवसांत रिव्ह्यू लिहिण्यात काय अर्थ नाही, नवी वस्तू सगळ्यांनाच आवडते. ही पेटी मी कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून घेतली. पेटीवर कुठल्या मोठ्या कंपनीचं नाव नाही, साध्या पुठ्ठ्याचा खोका आणि वर नुसतं 'भूमिती पेटी' छापलंय, आत चौकोन आणि बहुभुजाकृतींचे कोन शिकायचं सामान. किंमत 450.

आधी घेतली का ते सांगतो. माझी पोरगी आठवीत आहे. गणितात वाईट नाही, पाठ केलेलं सगळं बरोबर लिहिते. चाचणीत प्रश्न आला होता, पंचकोनाच्या सगळ्या आंतरकोनांची बेरीज काढा आणि कशी काढली ते आकृतीसह लिहा. तिनं पंचकोनाच्या मध्ये एक बिंदू घेतला, तिथून पाचही कोपऱ्यांना रेषा मारल्या, पाच त्रिकोण झाले, 5 गुणिले 180 बरोबर 900. आणि खाली सूत्रानं 540 लिहिलं. आकृतीत एक उत्तर, सूत्रात दुसरं, मार्क गेले. घरी येऊन म्हणाली, पप्पा, त्रिकोण पाचच आहेत की, मग चुकलं कुठं. मला तिथल्या तिथं सांगता आलं नाही. मी शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं काम करतो, दिवसभर कोनातच असतो, गेट, ग्रील, शेड, जिने, आणि तरी पोरीला ते 360 जास्तीचे कुठून आले हे सांगता येईना, हे मनाला लागलं. म्हणून रविवारी गाडी बिंदू चौकात लावून चालत गेलो आणि दुकानात विचारलं की कोन हातानं दाखवता येईल असं काय आहे का. दुकानदारानं ही पेटी काढून दिली.

आत काय आहे. प्लास्टिकच्या पट्ट्या 24, चार लांबीच्या, दोन्ही टोकांना भोकं. त्या जोडायला दाबायची बटणं. फोमचे तुकडे, त्यात समभुज त्रिकोण, चौरस, सुसम (म्हणजे बाजू आणि कोन सगळे सारखे) पंचकोन, षटकोन, अष्टकोन, आणि सगळ्यांची बाजू एकाच मापाची, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे. एक पारदर्शक कोनमापक. आणि प्रश्नांची कार्डं, मागं उत्तरं. सोबत दोन पानांचं माहितीपत्रक.

सगळ्यात जास्त वापर पट्ट्यांचा झाला. पहिल्याच संध्याकाळी पोरीनं सारख्या लांबीच्या चार पट्ट्या जोडून चौरस केला आणि एका कोपऱ्याला बोट लावलं तर तो कलला. झाला समभुज चौकोन. बाजू त्याच, लांबी तीच, कोन बदलले. तिला हे माहीत होतं, पुस्तकात वाचलेलं होतं, पण हातात कलताना बघणं वेगळं. मी तिला म्हटलं, एका कोनावर लक्ष ठेव आणि हळूहळू दाब. एक कोन 90 वरून 70 ला आला की शेजारचा 110 होतो, समोरचा परत 70, त्याच्या शेजारचा 110. एकानं जेवढं सोडलं तेवढं शेजाऱ्यानं घेतलं. लगतच्या दोन कोनांची बेरीज 180 आणि संमुख कोन सारखे, हे समांतरभुज चौकोनाचे दोन्ही गुणधर्म एका हालचालीत दिसतात. मग दोन लांब दोन आखूड पट्ट्या घेतल्या, समोरासमोर लावल्या तर आयत आणि तो कलवला की समांतरभुज, आणि त्याच चार पट्ट्या लांबीला लांब आणि आखूडला आखूड अशा शेजारी शेजारी लावल्या तर पतंग. पतंगात दोनच संमुख कोन सारखे, जिथं लांब आणि आखूड पट्टी भेटते ते. उरलेले दोन वेगवेगळे. चार पट्ट्या त्याच, फक्त लावायचा क्रम बदलला.

नंतर तिला तीन पट्ट्यांचा त्रिकोण करायला लावला आणि म्हटलं, आता हा कलवून दाखव. कलत नाही. कितीही दाबा, जागचा हलत नाही. हे आमच्या धंद्यातलं मूळ आहे बघा. शेडच्या कैच्या, म्हणजे छपराखालचे सांगाडे, त्रिकोणांच्या का असतात, गेटच्या चौकटीत तिरकी पट्टी का मारतात, तर चौकोन बाजूंनी ठरत नाही, कोन मोकळेच राहतात, आणि कर्ण टाकला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि मग सगळं जागेवर बसतं. गेट करताना आम्ही चारही बाजू मोजून थांबत नाही, दोन्ही डायगोनल मोजतो, दोन्ही सारखे आले तरच चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे असं समजतो, नाहीतर बाजू मिलिमीटरला मिलिमीटर जुळूनसुद्धा चौकट तिरपी असू शकते. पोरीनं कलणाऱ्या चौकोनात पाचवी पट्टी कर्ण म्हणून लावली, तो घट्ट झाला, आणि स्वतःच म्हणाली, म्हणजे दोन त्रिकोण, 180 आणि 180, म्हणून 360. त्या क्षणी पेटीचे पैसे वसूल झाले असं मला वाटलं.

मग त्या 900 च्या भानगडीकडं आलो. पाच पट्ट्यांचा पंचकोन केला, एका कोपऱ्यातून दोन कर्ण टाकले तर तीन त्रिकोण, 3 गुणिले 180 बरोबर 540. हे सूत्राशी जुळलं, बाजू वजा दोन गुणिले 180. षटकोनात एका कोपऱ्यातून चार त्रिकोण, 720. प्रत्येक बाजू वाढली की एक त्रिकोण वाढतो, 180 ची भर पडते. पण तिचा प्रश्न तो नव्हताच, तिचे त्रिकोण मधल्या बिंदूतून होते. कागदावर तिचीच आकृती काढली आणि मी नुसतं विचारलं, ह्या पाच त्रिकोणांचे सगळे कोन रंगव, आणि त्यातले पंचकोनाच्या कोपऱ्यात किती आहेत ते बघ. तिनं स्केचपेननं रंगवले. मध्ये बिंदूभोवती पाच कोन रंगले, ते पंचकोनाचे नाहीतच, ते मधल्या बिंदूचे आहेत, आणि बिंदूभोवती पूर्ण फेरी म्हणजे 360. 900 मधून 360 गेले, 540 राहिले. तिची आकृती चुकीची नव्हतीच, फक्त मधले कोन वजा करायचे राहिले होते. हे तिला कळल्यावर ती जी हसली ना, त्यासाठी मी सांगतो की आकृतीतून उत्तर चुकलं म्हणून पोराला आकृती सोडून सूत्र पाठ करायला लावू नका, आकृती पुढं न्या.

माहितीपत्रकात मात्र ही मधल्या बिंदूची रीत दिलेलीच नाही, नुसती एका कोपऱ्यातून कर्ण टाकायची आहे. द्यायला पाहिजे होती, पोरं चुकतात ती तिथंच. तसंच कागदाचा कुठलाही वेडावाकडा चौकोन कापायचा, चारही कोपरे फाडायचे आणि टोकं एका बिंदूला जुळवून ठेवायची, चारही मिळून बिंदूभोवती पूर्ण भरतात, फट नाही आणि एकावर एक चढत पण नाहीत. ह्याला सामान लागत नाही, जुना पेपर पुरतो. पत्रकात एका ओळीत लिहिता आलं असतं.

आता बाह्यकोनाचं सांगतो, आणि इथं जरा लांबण लागणार आहे कारण ह्या एका गोष्टीनं मला स्वतःला फायदा झाला.

मागच्या वर्षी पन्हाळा रोडच्या एका फार्महाऊसवर अष्टकोनी गझीबोचं, म्हणजे बागेतल्या छत्रीसारख्या मंडपाचं, काम होतं. खालची आणि वरची रिंग स्क्वेअर पाईपची, आठ तुकडे, आठ सांधे. सुसम अष्टकोनाचा आंतरकोन 135, म्हणजे एका सांध्यात पाईप 45 नं वळतो, आणि दोन तुकडे भेटतात म्हणून प्रत्येक टोकाचा कट त्याच्या निम्म्याचा, साडेबावीस. आमच्या कटर मशीनच्या स्केलवर अर्ध्या डिग्रीची खूण नाही. पोऱ्यानं 22 ला लावलं, मी बघितलं पण अर्ध्या डिग्रीनं काय होतंय म्हणून चालू दिलं. सात सांधे टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, मारून झाले, सगळे डोळ्याला चांगले दिसत होते, आणि आठव्याला तोंड उघडं राहिलं. सोळा कट, प्रत्येकात अर्धी डिग्री, म्हणजे एकूण 8 डिग्री कमी. 45 च्या जागी 44 नं वळत गेलो, आठ गुणिले 44 म्हणजे 352, आणि बंद व्हायला लागतात 360. सगळे टॅक तोडून, टोकं ग्राइंड करून परत जुळवण्यात अख्खा दिवस गेला. तेव्हा मी ते 'माप चुकलं' एवढ्यावर सोडून दिलं होतं.

ह्या पेटीसोबत जे कार्ड आहे बाह्यकोनाचं, त्यात लिहिलंय की जमिनीवर बहुभुजाकृती काढा आणि तिच्यावरून चाला. आम्ही गच्चीवर खडूनं एक वाकडातिकडा पंचकोन काढला. धाकट्या पोराला एका कोपऱ्यावर उभा केला, रेषेवरून चालत पुढच्या कोपऱ्यावर जायचं, तिथं जेवढं वळावं लागतंय तेवढं वळायचं, परत पुढं. पाच कोपरे संपवून तो जिथून निघाला तिथं आला आणि शेवटचं वळण घेतलं तेव्हा त्याचं तोंड परत रंकाळ्याकडं होतं, सुरुवातीला होतं तसंच. म्हणजे एक पूर्ण गिरकी. पाच कोपरे असोत नाहीतर पन्नास, एक फेरी मारून परत त्याच दिशेला तोंड म्हणजे वळणांची बेरीज 360. वळण म्हणजेच बाह्यकोन. पोरीनं लगेच वही काढली, प्रत्येक कोपऱ्यात आतला आणि बाहेरचा मिळून 180, पाच कोपऱ्यांचे 900, त्यातून बाहेरचे 360 वजा, 540. आणि म्हणाली, पप्पा, हे तेच 900 आणि तेच 360 हायत की ओ. चालून आलेलं उत्तर आणि मधल्या बिंदूचं उत्तर, दोन्हीत तीच वजाबाकी. मला हे आधी कधी सुचलं नव्हतं.

आणि तिथंच माझ्या गझीबोचं पण उत्तर मिळालं. बंद होणारी कुठलीही रिंग असू दे, वळणांची बेरीज 360 व्हायलाच पाहिजे, त्यामुळं आता मी कट लावायच्या आधी उलटा हिशोब करतो, 360 भागिले तुकडे, त्याचं निम्मं. षटकोनाला 30, अष्टकोनाला साडेबावीस, पंचकोनाला 36, दहा तुकड्यांना 18. आणि मशीनवर अर्धी डिग्री लावता येत नसेल तर पत्र्यावर कोन आखून त्याचा साचा कापून घेतो आणि त्याला टेकवून लावतो. वर्कशॉपमधल्या पोरांना ह्या पट्ट्या नेऊन दाखवल्या, आठ पट्ट्या जोडून. आंतरकोनाचं सूत्र त्यांना आठवत नव्हतं, पण 360 भागिले आठ कुणालाही येतं.

परीक्षेला पण हेच सोपं जातं. सुसम बहुभुजाकृतीचा प्रत्येक आंतरकोन 156 आहे, बाजू किती, असा प्रश्न आला की पोरगी आधी समीकरण मांडायची आणि त्यात अडकायची. आता 180 वजा 156 म्हणजे 24, 360 भागिले 24 म्हणजे 15, झालं. आणि आंतरकोन 100 दिला तर बाह्यकोन 80, 360 ला 80 नं भागलं तर साडेचार, साडेचार बाजू असत नाहीत, म्हणून अशी सुसम आकृती नाही. हा प्रश्न कार्डात आहे आणि मला फार आवडला, कारण उत्तर 'होत नाही' असं येऊ शकतं हे पोरांना माहीतच नसतं.

फोमचे तुकडे धाकट्याला जास्त आवडले. त्यानं फरशीवर मांडायला सुरुवात केली. षटकोन तीन एकत्र आले की चपखल बसतात, 120 तिप्पट 360. फूटपाथच्या पेव्हिंग ब्लॉकमध्ये आणि मधाच्या पोळ्यात हेच असतं. चौरस चार. त्रिकोण सहा. अष्टकोन तीन बसत नाहीत, 135 तिप्पट 405 होतात, पण दोन अष्टकोन आणि मध्ये एक चौरस, 135 आणि 135 आणि 90, बरोबर 360. जुन्या वाड्यातली आमच्या मावशीच्या घरची फरशी अशीच आहे, मोठे अष्टकोन आणि मध्ये छोटे काळे चौरस. सगळ्या तुकड्यांची बाजू सारखी आहे म्हणून हे जमतं, स्वस्तातल्या सेटमध्ये प्रत्येक आकाराची बाजू वेगळी असते आणि मग नुसते रंगीत तुकडे राहतात.

पंचकोन मात्र बसेनात. तीन ठेवले तर 324, 36 ची फट. चौथा मावत नाही. धाकटा म्हणाला, मग फुटबॉलवर कसे असतात. आमचा धाकटा गांधी मैदानावर खेळायला जातो आणि शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस असल्या की आम्ही दोघं बघायला जातो, त्यामुळं घरात काळापांढरा बॉल होताच. आणला आणि बघितला. कुठलाही कोपरा घ्या, तिथं एक काळा पंचकोन आणि दोन पांढरे षटकोन भेटतात. 108 आणि 120 आणि 120 म्हणजे 348. 360 ला 12 कमी. फरशीवर तेच तीन तुकडे ठेवले तर 12 डिग्रीची फट पडते, आणि ती फट ओढून शिवली की सपाट राहत नाही, फुगवटा येतो. म्हणून बॉल गोल होतो. नंतर पोरीनं मोजलं, पंचकोन 12, षटकोन 20, कोपरे 60. प्रत्येक कोपऱ्यात 12 कमी, 60 गुणिले 12 म्हणजे 720, बरोबर दोन पूर्ण फेऱ्या. पेटीतल्या पत्रकात फुटबॉलचा उल्लेख पण नाही आणि हे कोल्हापुरात विकतायत, पुढच्या छपाईत एवढं तरी घालावं असं मी दुकानदाराला सांगून आलोय.

त्यानंतर पोरांना सगळीकडं कोपरेच दिसायला लागले. न्यू पॅलेसला पाहुण्यांना घेऊन गेलो तर मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या भिंती मोजत बसली, अष्टकोनी आहे. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपात 48 खांब आहेत, त्यातले काही एका उंचीला चौकोनी, वर अष्टकोनी, अजून वर गोल असे होत जातात. मी आजपर्यंत तिथं चार वेळा गेलो असेन, खांबांवरचं नक्षीकाम बघितलं, पण चौरसाचे चार कोपरे तासले की अष्टकोन होतो आणि त्याचे आठ तासले की तो गोलाकडं जातो हे ह्या वेळी पोरीनं दाखवलं. आंतरकोन 90, मग 135, आणि पुढं कोपरे वाढत गेले की 180 च्या जवळ जवळ जातो पण 180 होत नाही. दगडात कुणीतरी हे हातानं केलंय, त्या काळात. अंगावर काटा आला मला तरी.

आता तक्रारी, आणि त्या नीट वाचा कारण घेणाऱ्याला उपयोग होईल.

कोनमापक खराब निघाला. पोरीनं कागदावर एक चौकोन काढून चारही कोन मोजले आणि बेरीज 364 आली. परत मोजले, परत 364. ती म्हणाली, सूत्र बरोबर आहे ना नक्की. मी म्हटलं, सूत्र कुठं जात नाही, हत्यार तपास. एका सरळ रेषेवर एक तिरकी रेषा काढली, एका बाजूचा कोन मोजला, मग कोनमापक उलट बाजूला फिरवून दुसऱ्या बाजूचा मोजला. रेषीय जोडी, 180 यायला पाहिजे, आले 182. नीट बघितलं तर मधलं भोक खालच्या रेषेवर नव्हतंच, मिलिमीटरभर सरकलेलं होतं. मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं पण इतक्या लहान कोनमापकात काटकोनाला जवळपास एक डिग्रीचा फरक पडतो आणि चार कोनांत चार डिग्री. एका अर्थानं चांगलंच झालं, बेरजेचा नियम वापरून हत्यार पकडता येतं हे तिला कळलं, पण लहान पोराच्या हातात असा कोनमापक गेला तर ते स्वतःलाच चुकीचं समजेल, आणि हे मला अजिबात आवडलं नाही.

दुसरं, कार्डांत छपाईची चूक. एका कार्डावर चौकोनाचे तीन कोन दिलेत 110, 95 आणि 85, चौथा काढा. तिघांची बेरीज 290, म्हणून चौथा 70. मागं उत्तर 80 छापलंय. 80 घेतला तर बेरीज 370 होते. पोरीला ते पहिल्याच फटक्यात दिसलं. बाकीची कार्डं आम्ही दोघांनी बसून तपासली, ती बरोबर आहेत. चांगली पण आहेत, कोन 2, 3, 4, 6 ह्या प्रमाणात आहेत असं एक आहे, एकूण 15 भाग, एक भाग 24, म्हणून 48, 72, 96, 144. आंतरकोनांची बेरीज 1980 दिलेलं एक आहे, 180 नं भागून 11 आणि त्यात 2 मिळवून 13 बाजू. अवघडपणा हळूहळू वाढवलाय. फक्त चक्रीय चौकोन, म्हणजे चारही कोपरे एका वर्तुळावर असलेला, तो नाही, माझा पुतण्या दहावीत आहे, त्याला संमुख कोनांची बेरीज 180 हे दाखवायचं होतं तर त्यासाठी काही मिळालं नाही, वाटी उपडी ठेवून वर्तुळ आखून वहीतच करावं लागलं.

तिसरं, आत वळलेल्या कोपऱ्याचा चौकोन, बाणाच्या टोकासारखा, त्याबद्दल पत्रकात एक अक्षर नाही. पट्ट्यांनी होतो तो, पतंगाचा एक कोपरा आत ढकलला की झाला. पोरीनं केला आणि म्हणाली, आता 360 होणार नाही, एक कोन आतच नाही. कोन आहे, तो 180 पेक्षा मोठा आहे, प्रविशाल कोन, आतल्या बाजूनं मोजायचा. मोजला तर कोन आले 60, 30, 30 आणि 240. बेरीज 360 च. कर्ण पण एकच चालतो, आतल्या कोपऱ्यातून जाणारा, दुसरा आकृतीच्या बाहेर पडतो. आणि गच्चीवर चालून बघितलं तर त्या कोपऱ्यावर उलटीकडं वळावं लागतं, ते वळण वजा धरायचं, मग परत 360. परीक्षेत विचारतात का माहीत नाही पण ज्या पोराला खरंच कळलंय त्याला हा प्रश्न पडतोच, तेव्हा उत्तर पाहिजे.

बटणं दोन तुटली महिनाभरात. नवीन मिळत नाहीत सुटी. आम्ही शर्टाची प्रेस बटणं लावली, चालतात. खोका पण पावसाळ्यात टिकणारा नाही, प्लास्टिकच्या डब्यात काढून ठेवा.

कुणी घ्यावी. सातवी ते नववीच्या पोरांसाठी घ्या, पण पोराच्या हातात देऊन बाजूला होणार असाल तर नका घेऊ, तुकडे हरवतील आणि पट्ट्यांची तलवार होईल. सोबत रोज पंधरा-वीस मिनिटं बसणार असाल तर 450 काहीच नाहीत. मला पाचपैकी चार द्यावेसे वाटतात, एक कोनमापकासाठी कापला. पट्ट्या आणि एकाच मापाच्या बाजूचे फोमचे तुकडे ह्या दोन गोष्टींसाठी मी परत घेईन.

घेतली पण. मागच्या रविवारी बहिणीच्या पोरीसाठी त्याच दुकानात गेलो. दुकानदाराला 364 ची गोष्ट सांगितली, कार्ड दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही, उत्तर पेननं दुरुस्त करून घेतलं आणि बनवणाऱ्याला कळवतो म्हणाले. कोनमापकासाठी मी काउंटरवरच कागद मागितला, सरळ रेषा, तिच्यावर तिरकी रेषा, दोन्ही बाजूंनी मोजून बेरीज. पहिला 182, दुसरा 181, तिसरा 180 भरला. तो पेटीत टाकून घेतला. जुना पण बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. तुम्ही जाल तेव्हा एक पेन आणि पट्टी खिशात ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.